पायथनमध्ये टॅब वापरूनही बिलाचे रकाने वाकडे का येतात?
टॅब सहसा पुढच्या ८च्या पटीवर उडी मारतो (जागा ०पासून मोजल्या तर). म्हणून ७ अक्षरी नावापुढची रक्कम ८व्या जागेवर, तर ८ अक्षरी नावापुढची थेट १६व्या जागेवर जाते. टॅब सोडा, एफ-स्ट्रिंग म्हणजे अवतरणचिन्हाआधी f लावलेला मजकूर वापरा. महिरपी कंसात व्हेरिएबलनंतर अपूर्णविराम द्या. नावासाठी 'पेक्षा लहान' चिन्ह आणि १५, रकमेसाठी 'पेक्षा मोठे' चिन्ह, १०, टिंब, २ आणि एफ. नाव डावीकडे, रक्कम उजवीकडे दोन दशांशांसह येते. रुंदी किमान असते. नाव १५पेक्षा लांब झालं की पुढचं सगळं सरकतं.

मालाची नावं मराठीत असतील तर मात्र सांभाळा: 'ज्वारी' दिसते दोन अक्षरी, पण पायथन काना, वेलांटी, हलन्त धरून ६ मोजतो, त्यामुळे रिकाम्या जागा कमी पडतात.