झिपमधलं सेटअप ईमेलने जात नसेल तर

तुमचा प्रश्न असा: हिंगणा एमआयडीसीतून बुटीबोरीच्या ग्राहकाला मशीनच्या सॉफ्टवेअरचं अपडेट जीमेलने पाठवायचंय. झिप केलं, पासवर्ड घातला, एक्स्टेन्शन (फाइलच्या नावाचा शेवटचा भाग, जसं .exe) बदललं, तरी फाइल अडतेय.

जीमेल झिपच्या आतही बघतं. ईएक्सई, एमएसआय, बॅट, डीएलएल, जार या फाइली ते घेत नाही. जेएस तर १३ फेब्रुवारी २०१७ पासून बंद आहे. पासवर्डचं म्हणाल, तर झिपमध्ये कुलूप फक्त मजकुराला लागतं, फाइलींची नावं उघडीच राहतात. तुमचीच झिप पासवर्ड न टाकता उघडून पाहा, आत सेटअपचं नाव दिसेल. जीमेलच्या तपासणी फिल्टरलाही तेच दिसतं. एक्स्टेन्शन बदलून टेक्स्ट केलं तरी ईएक्सईची पहिली दोन अक्षरं 'एमझेड'च राहतात. नोटपॅडमध्ये उघडली की अगदी सुरुवातीला दिसतात. कृपया हे वेषांतर करूच नका. व्हायरस पाठवणारे नेमकं हेच करतात आणि तुमचा मेल त्यांच्याच रांगेत जाऊन बसतो.

आधी फाइल कुठे अडतेय ते बघा. जोडतानाच नकार आला तर जीमेलने अडवली. मेल गेला, परत आला नाही आणि तिकडे पोचलाही नाही, तर बहुधा ग्राहकाच्या क्वारंटाइनमध्ये, म्हणजे संशयास्पद मेल अडवून ठेवण्याच्या जागेत पडलाय. त्यांच्या आयटीवाल्यांना पाठवल्याची वेळ, विषय आणि तुमचा पत्ता कळवा, ते शोधून सोडू शकतात. साइजही तपासा: जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे, पण मेलमध्ये फाइल एक तृतीयांशाने फुगते, म्हणून १८ एमबीच्या वर जाऊ नका.

खरा उपाय म्हणजे लिंक. फाइल ड्राइव्हवर टाका, 'शेअर'मध्ये ग्राहकाचा ईमेल लिहा, 'व्ह्यूअर' ठेवा. 'लिंक असलेला कोणीही' हा पर्याय नको, लिंक कुठेही फिरते. ड्राइव्ह १०० एमबीपर्यंतच्याच फाइली व्हायरससाठी तपासतं. त्याहून मोठी असेल तर डाउनलोड करताना इशारा येतो, ग्राहकाला आधीच सांगून ठेवा. त्यांच्याकडे ड्राइव्हच बंद असेल तर त्यांचा एसएफटीपी (फाइली सुरक्षितपणे पाठवायचा सर्व्हर) किंवा अपलोड पोर्टल मागा.

लिंकसोबत फाइलचा शा-२५६ हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा ओळख-कोड द्या, पण त्याच मेलमध्ये नको, व्हॉट्सॲपवर द्या. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'सर्टयुटिल' ही कमांड तो काढून देते. ६४ अक्षरं येतात. ग्राहकानेही डाउनलोड केल्यावर काढायचा. एक अक्षर जरी वेगळं निघालं तर फाइल चालवायची नाही.

हॅश जुळला की ग्राहकाने झिपवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये 'अनब्लॉक'वर टिक करायची आणि मगच एक्स्ट्रॅक्ट करायचं. आधी एक्स्ट्रॅक्ट केलं तर इंटरनेटवरून आल्याची खूण आतल्या फाइलींवरही उतरते आणि सेटअप सुरू करताना विंडोज पुन्हा अडवू शकतं.