गावातल्या तलावाचा गाळ काढायला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून लोकांना कसं जोडून घ्यावं? ग्रुपवर सगळे अंगठा देतात, कामाला कुणी येत नाही.

तुमचा प्रश्न वाचला आणि आमचंच गाव डोळ्यांपुढं आलं. मी अंबाजोगाई तालुक्यातला. आमच्या पाझर तलावाचा गाळ आम्ही दोन उन्हाळे काढला आणि त्यातला पहिला जवळजवळ वाया गेला.

२०१६ चा एप्रिल होता. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. वॉटर कपचंही, म्हणजे पानी फाउंडेशनच्या गावागावांतल्या जलसंधारणाच्या स्पर्धेचंही, ते पहिलंच वर्ष, आणि त्यासाठी निवडलेल्या राज्यातल्या तीन तालुक्यांत आमचा तालुका होता. आजूबाजूच्या गावांतल्या श्रमदानाचे फोटो रोज मोबाइलवर यायचे. ते बघून पुढच्या उन्हाळ्यात आम्हीही ग्रुप काढला आणि नारळ फोडतानाचे, टिकाव धरून उभ्या पुढाऱ्यांचे फोटो टाकत राहिलो. वर्गणी जमली, पण हिशेब पंधरा दिवसांनी टाकला. तोवर "डिझेलचे पैसे गेले कुठं?" हे गावभर झालं होतं. रुपयाही इकडचा तिकडं झाला नव्हता, तरी काम थांबलं ते थांबलंच.

म्हणून माझं सांगणं एकच: फोटो कमी टाका, हिशेब रोज टाका.

दुसऱ्या वर्षी रोज रात्री आठला वहीचं पान ग्रुपवर जायचं. पोकलेन किती तास चाललं, डिझेल किती लिटर, कुणाच्या रानात किती ट्रॉल्या गेल्या, आजची जमा, शिल्लक. पानावरच पंपाची पावती ठेवून फोटो काढायचा. एकदा बेरीज चाळीस रुपयांनी चुकली. चाकणला कंपनीत असलेल्या आमच्या गावच्या एका पोरानं ती पकडली. आम्ही तिथंच चूक कबूल केली आणि दुरुस्त पान टाकलं. त्याच रात्री त्यानं पाच हजार पाठवले आणि खोलीवरच्या दोघांकडूनही घेतले. माझ्या मते गावाचा विश्वास बसला तो त्या दिवशी.

"सर्वांनी यावे" असं लिहू नका, त्यानं कुणीच येत नाही. आदल्या संध्याकाळी दारात जाऊन विचारा, हो म्हणाले की मग ग्रुपवर लिहा: उद्या साडेसहाला खालच्या आळीतले हे आठजण, फावडं-टोपलं घेऊन. न आलेल्यांची यादी मात्र कधीच टाकू नका. आमच्यातल्या एकानं ती टाकली आणि एक अख्खी भावकी दुरावली. अ‍ॅडमिन प्रत्येक भावकीतला, प्रत्येक पक्षातला एकेक घ्या. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल अशी सेटिंग करा.

ग्रुपवर कोण नाही हेही बघा. कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला गेलेले लोक मार्च-एप्रिलपर्यंत फडात असतात, त्यांना लांबलचक मजकूर वाचायला वेळ कुठला? आम्ही आवाजी निरोप पाठवायचो, तेही माझ्या चुलतीच्या आवाजात. तिचा आवाज सगळा गाव ओळखतो. बायकांपर्यंत निरोप बचत गटाच्या बैठकीतून जायचा, म्हाताऱ्यांसाठी मंदिराचा भोंगा होताच. फेसबुक बाहेरगावच्या लोकांसाठी ठीक, गावातल्या कामाला त्याचा फार उपयोग नाही.

मशीन लावण्याआधी तलाव ज्या खात्याचा आहे त्यांचं परवानगीपत्र ग्रुपवर टाका. गाळ नेणाऱ्या शेतकऱ्यांची नावं, ट्रॅक्टर कुणाचा आणि भाडं कोण देणार, हेही आधीच लिहून टाका, नाहीतर पोकलेन तासाचं भाडं खात नुसतं उभं राहतं आणि डिझेलवरून भांडणं होतात. तलावाच्या भिंतीजवळ कुणालाही खणू देऊ नका.

पाऊस झाला की ग्रुप झोपतो, तो झोपू देऊ नका. आम्ही तलावाखालच्या तीन विहिरी ठरवल्या आहेत. दर महिन्याला दोर सोडून किती परस (माणसाच्या उंचीवरून धरलेलं खोलीचं माप) पाणी आहे ते मोजतो आणि ओल्या दोराच्या फोटोसकट ग्रुपवर टाकतो, पाणी उतरलं असलं तरी टाकतो. पुढची वर्गणी मागायला गेलो की लोक आधी त्या विहिरींचं विचारतात.