लग्न न केलेल्या जोडप्याला नोकरीसाठी परदेशात एकत्र जाता येतं का? कोणकोणते व्हिसा मिळू शकतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जोडीदाराला परदेशातून नोकरीची ऑफर आली आहे, तुम्ही दोघं बऱ्याच काळापासून एकत्र राहता, लग्न केलेलं नाही आणि केवळ व्हिसासाठी ते उरकून टाकायची इच्छाही नाही. अशा वेळी दोघांना बरोबर जाता येईल का?

जाता येतं, पण कुठे जाताय यावर जवळजवळ सगळं अवलंबून आहे. मी स्वतः लग्नाच्या दाखल्याशिवाय, जोडीदाराच्या नोकरीनिमित्त, दुसऱ्या देशात आले आणि तेव्हापासून याच पेचात सापडलेल्या बऱ्याच जणांशी बोलत आले आहे. एक गोष्ट अगदी ठामपणे सांगते. ज्याला ऑफर आली आहे त्याच्या व्हिसाची फार काळजी करू नका, ते काम कंपनी करते. आधी दुसऱ्याचं काय होणार ते बघा. त्याला तिथे राहता येईल का, नोकरी करता येईल का, आणि उद्या पहिल्याची नोकरी गेली तर त्याचं काय? ऑफर लेटरवर सही होण्याआधी या तीन प्रश्नांची उत्तरं हातात हवीत.

काही देशांत लग्नाशिवायचं नातं कायद्यानेच मान्य आहे. कॅनडात सलग १२ महिने जोडपं म्हणून एकत्र राहिल्याचं दाखवता आलं की तुम्ही ‘कॉमन-लॉ पार्टनर’ ठरता आणि व्हिसापुरते नवरा-बायकोच्या बरोबरीला येता. त्यासाठी आयएमएम ५४०९ नावाचं प्रतिज्ञापत्र असतं. मात्र जोडीदाराला मिळणारं ओपन वर्क परमिट (कुठल्याही मालकाकडे काम करायची परवानगी) जानेवारी २०२५ पासून बरंच आवळलं आहे. मुख्य व्यक्तीचं काम वरच्या कौशल्य-श्रेणीतलं किंवा ठरावीक व्यवसायांतलं हवं आणि तिच्या परमिटची किमान १६ महिन्यांची मुदत शिल्लक हवी. म्हणजे कॅनडात एकत्र जायला मिळेल, पण दुसऱ्याला काम करता येईलच असं नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक ते नेहमी एकत्र करतात.

ब्रिटनमध्ये स्किल्ड वर्कर व्हिसावर जाणाऱ्याला अविवाहित जोडीदाराला डिपेंडंट (म्हणजे त्याच्या व्हिसाच्या आधारावर सोबत राहणारा) म्हणून नेता येतं. अट अशी की नातं किमान दोन वर्षांचं आणि लग्नासारखंच असावं. पूर्वी दोन वर्षं एका छताखाली राहिल्याचा पुरावा लागायचा. ३१ जानेवारी २०२४ पासून ही अट सैल झाली, त्यामुळे नोकरी-शिक्षणामुळे काही काळ वेगळ्या गावांत राहावं लागलं असेल तर ते समजावून सांगता येतं. तिथे डिपेंडंटला जवळजवळ कुठलीही नोकरी करता येते, हा ब्रिटनचा मोठा फायदा. पण ऑफर कोणत्या कामाची आहे ते तपासा. केअर वर्करना मार्च २०२४ पासून आणि पदवीच्या पातळीखालच्या कामांवर नव्याने जाणाऱ्यांना २२ जुलै २०२५ पासून कुटुंब नेता येत नाही, मग लग्न झालेलं असो वा नसो. शिवाय प्रत्येक प्रौढामागे वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार आहे आणि तो व्हिसाच्या सगळ्या वर्षांचा एकदम आगाऊ भरावा लागतो. कंपनी तो कोणाकोणाचा भरणार, हे विचारायला लाजू नका.

ऑस्ट्रेलियात याला ‘डी फॅक्टो’ नातं म्हणतात. कायमस्वरूपी आणि इतर बऱ्याच व्हिसांसाठी अर्जाआधी १२ महिन्यांचं नातं लागतं. व्हिक्टोरिया, न्यू साउथ वेल्स, क्वीन्सलंड अशा राज्यांत नात्याची नोंदणी केली तर ही १२ महिन्यांची अट सुटते, पण नोंदणीसाठी निदान एक जण त्या राज्यात राहणारा असावा लागतो. त्यामुळे ज्यांच्यातला एक जण आधीच तिथे आहे अशा जोडप्यांना ही वाट जास्त उपयोगी पडते.

युरोपातल्या ज्या देशाबद्दल लोक फार कमी बोलतात तो म्हणजे नेदरलँड्स, आणि माझ्या मते अविवाहित जोडप्यांसाठी तो सगळ्यांत सरळ आहे. अमुक वर्षं एकत्र राहिल्याची अट नाही. नातं टिकाऊ आणि एकनिष्ठ असल्याचं घोषणापत्र द्यायचं, आणि दोघंही अविवाहित असल्याचा रीतसर प्रमाणित दाखला जोडायचा. हा दाखला मिळवायला वेळ लागतो, म्हणून तो पहिल्यांदा हाती घ्या. उच्च-कौशल्य स्थलांतरिताच्या जोडीदाराला तिथे वेगळं परमिट न काढता नोकरी करता येते. नॉर्वे आणि फिनलंड दोन वर्षांचं सहजीवन मागतात, डेन्मार्क साधारण दीड ते दोन वर्षांचं.

आता अडचणीचे देश. अमेरिकेत एच-१बी (कुशल कामाचा व्हिसा) वाल्याचा एच-४ आणि एल-१ (त्याच कंपनीतल्या बदलीचा व्हिसा) वाल्याचा एल-२ हे दोन्ही व्हिसा फक्त कायदेशीर पती किंवा पत्नीला मिळतात. सहजीवनाला तिथे डिपेंडंट व्हिसा नाही. एक पळवाट मात्र अधिकृत आहे: एकत्र राहणाऱ्या जोडीदाराला बी-२ म्हणजे पर्यटक व्हिसावर सोबत राहता येतं, हे त्यांच्या दूतावासांच्या नियमावलीतच आहे, आणि सहा-सहा महिन्यांची मुदतवाढ मागता येते. पण नोकरी अजिबात करता येत नाही आणि परत जाण्याचा इरादा प्रत्येक वेळी पटवून द्यावा लागतो. काही महिन्यांची बदली असेल तर ठीक. वर्षानुवर्षांसाठी मी हा मार्ग कोणालाच सुचवणार नाही. कमावतं, स्वतंत्र माणूस घरात बसून दुसऱ्याच्या पगारावर आणि अधिकाऱ्याच्या मर्जीवर जगू लागलं की नात्यावर जो ताण येतो, तो मी फार जवळून पाहिला आहे.

सिंगापूर अर्धवट दार उघडतं. लग्न झालेल्यांना मिळतो तो डिपेंडंट पास अविवाहित जोडीदाराला मिळत नाही, पण मुख्य व्यक्तीचा ठरलेला मासिक पगार किमान ६,००० सिंगापूर डॉलर असेल तर कॉमन-लॉ जोडीदारासाठी लाँग टर्म व्हिजिट पासचा अर्ज कंपनीमार्फत करता येतो. काम करायचं तर स्वतःचा वर्क पास काढावा लागतो. संयुक्त अरब अमिरातीत लग्नाशिवाय एकत्र राहणं २०२० पासून सरसकट गुन्हा उरलेलं नाही, तरी जोडीदाराला स्पॉन्सर करायला लग्नाचा प्रमाणित दाखलाच लागतो. जर्मनीत आणि जपानमध्येही तीच गत.

अशा देशांत मग दुसऱ्याने स्वतःचा व्हिसा काढायचा. खरं सांगायचं तर दोघांचंही शिक्षण-अनुभव चांगला असेल तर ज्या देशात नातं मान्य आहे तिथेसुद्धा मी आधी याच वाटेकडे बघायला सांगते. जर्मनीने १ जून २०२४ पासून ‘शान्सनकार्टे’ (Chancenkarte) म्हणजे संधी-कार्ड सुरू केलं आहे. मान्यताप्राप्त पदवी किंवा व्यवसाय-प्रशिक्षण, थोडी जर्मन किंवा बऱ्यापैकी इंग्रजी, गुण-पद्धतीत पुरेसे गुण आणि खर्चापुरते पैसे असतील तर एक वर्षापर्यंत तिथे राहून नोकरी शोधता येते, आणि आठवड्याला २० तास अर्धवेळ कामही करता येतं. अमिरातीत दुसऱ्या देशातल्या कंपनीसाठी घरून काम करणाऱ्यांना एक वर्षाचा रिमोट वर्क व्हिसा आहे. त्याला महिना किमान ३,५०० डॉलर उत्पन्न दाखवावं लागतं. विद्यार्थी व्हिसा हाही मार्ग आहे, पण शिकायचंच असेल तर. टुरिस्ट व्हिसावर जाऊन ‘तिथे गेल्यावर बघू’ हा बेत मात्र करू नका.

पुराव्यांवर जरा थांबते, कारण अर्ज बहुतेक वेळा इथेच अडतात. अधिकाऱ्याला तुमच्या प्रेमाबद्दल शंका नसते, त्याला एकत्र संसार दिसायला हवा असतो. दोघांच्या नावाचा भाडेकरार सगळ्यांत भक्कम. तो एकाच्याच नावावर असेल तर दुसऱ्याचं नाव आजच घालून घ्या. मग जॉइंट अकाउंट, आणि त्यातून खरोखर घरभाडं, वीज, किराणा जाताना दिसला पाहिजे. अर्जाच्या आठवड्यात उघडलेलं रिकामं खातं कोणालाच फसवत नाही. त्याच पत्त्यावर प्रत्येकाच्या नावाने आलेली बँकेची, विम्याची, कर खात्याची पत्रं वर्षभर पसरलेली हवीत. विम्यात किंवा पीएफमध्ये एकमेकांना नॉमिनी केलं असेल तर त्याला फार वजन असतं. प्रवासाची तिकिटं, घरच्यांसोबतचे फोटो, ओळखीच्यांची सही केलेली पत्रं ही पूरक. चॅटचे शेकडो स्क्रीनशॉट पाठवू नका. वेगळे राहिला असाल त्या महिन्यांतले मोजके पुरेत.

आणि तारखा जुळवा. एकाने अर्जात ‘मार्चपासून एकत्र’ लिहिलं आणि भाडेकरार जूनचा निघाला की संशय येतो. आधीच्या एखाद्या व्हिसा अर्जात त्याच काळासाठी ‘सिंगल’ लिहिलं असेल तर त्याचं कारण स्वतःहून पत्रात द्या. खोटी माहिती दिल्याचा ठपका बसला तर कॅनडात पाच वर्षं आणि ब्रिटनमध्ये दहा वर्षांपर्यंत दार बंद होऊ शकतं.

लग्नाबद्दल माझं मत असं: नुसत्या कागदासाठी ज्याची सक्ती वाटते ते लग्न करू नका. पण दोघांना पुढेमागे करायचंच असेल आणि देश लग्नाशिवाय ऐकत नसेल, तर नोंदणी पद्धतीने आधी करून घ्यायला हरकत नाही. ज्या समलिंगी जोडप्यांना आपल्या देशात लग्नच करता येत नाही, त्यांच्यासाठी डेन्मार्कसारखे देश आहेत, तिथे परदेशी जोडप्यांनाही लग्न करता येतं. लग्न जिथे लागलं तिथे वैध असेल तर अमेरिका व्हिसासाठी ते मान्य करते.

जो डिपेंडंट होणार आहे त्याच्याशी थोडं बोलायचं आहे. नातं तुटलं तर ते कळवणं बंधनकारक असतं आणि व्हिसा आटोपतो. ब्रिटनमध्ये साधारण ६० दिवसांत दुसरा व्हिसा काढायचा किंवा देश सोडायचा. म्हणून स्वतःच्या नावावर परतीचं तिकीट आणि काही महिन्यांचा खर्च निघेल एवढे पैसे वेगळे ठेवा. यात जोडीदारावर अविश्वास नाही. माझ्या जोडीदाराने हे स्वतःहून सुचवलं होतं.

कॅनडाच्या पीआरचा (कायमस्वरूपी वास्तव्याचा) विचार असेल तर अजून एक. कॉमन-लॉ जोडीदार सध्या सोबत येणार नसला तरी अर्जात त्याचं नाव लिहावंच लागतं. नाव लपवलं तर पुढे त्याला फॅमिली क्लासमधून, म्हणजे कुटुंबीय म्हणून, बोलावण्याचा हक्क सहसा कायमचा जातो.

या आठवड्यात एवढं करा: कंपनीच्या एचआरला ईमेलवर विचारा की अविवाहित जोडीदार रिलोकेशन पॅकेजमध्ये धरतात का, त्याच्या व्हिसाचा आणि वकिलाचा खर्च कोण देणार, आणि त्याला कामाची परवानगी मिळाली नाही तर काय. उत्तर लेखी घ्या. नियम वरचेवर बदलतात, त्यामुळे अर्जाच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरची अट पुन्हा वाचा. देश आणि ऑफर कोणत्या कामाची आहे ते खाली लिहिलंत, तर त्यावर नेमकं सांगायचा प्रयत्न करेन.