डिस्कस विमानाने कोलकात्याहून पुण्याला न्यायचेत? केबिनचा नाद सोडा

तुमचा प्रश्न असा आहे की कोलकात्याहून पुण्याला बदली झालीये, घरात सहा मोठे डिस्कस (ताटलीसारखे गोल, चपटे मासे) आणि दहा कोरी (तळाशी फिरणारे छोटे मिशीवाले मासे) आहेत, ट्रेनने दीड दिवस लागतो म्हणून विमानात हातात डब्यात घेऊन जाता येतील का, आणि कार्गोला दिले तर मरतात असं दुकानवाला म्हणतोय. मी गेली बरीच वर्षं कोलकात्याहून मासे मागवतोय, मेलेही भरपूर आहेत माझ्याकडे, त्यामुळे जरा लांबच लिहितो.

आधी केबिनचं. आपल्याकडे एअरलाइनच्या पेट पॉलिसीत कुत्रा, मांजर, फार तर कुठे पक्षी. मासा त्यात बसत नाही. वर २००६ च्या ऑगस्टमध्ये लंडनला लिक्विड बॉम्बचा कट उघड झाला तेव्हापासून पाण्याकडे सिक्युरिटीवाले वेगळ्याच नजरेने बघतात. इंटरनॅशनलला तर १०० मिली. कुणीतरी तुम्हाला अमेरिकेचं उदाहरण देईल, ते खरं आहे, तिथे पारदर्शक, न सांडणाऱ्या डब्यात जिवंत मासा सिक्युरिटीतून तपासून आत नेऊ देतात, पण एअरलाइन हो म्हणाली तरच पुढे चढता येतं, आणि ते तिथलं झालं. इथे पहाटे चारला काउंटरवर डिस्कस हातात घेऊन वाद घालायचा आणि नाही म्हणाले तर मासे कुठे सोडणार? आणि चेक-इनच्या सुटकेसमध्ये लपवून वगैरे तर अजिबात नको. पाणी गळलं तर दुसऱ्यांचं सामान भिजतं, आणि बॅगा कशा फेकतात ते आपण सगळ्यांनी खिडकीतून बघितलंय.

आता कार्गो. लोकांना वाटतं कार्गो म्हणजे वेगळं मालवाहू विमान. नाही हो, तुम्ही वर सीटवर बसून सँडविच खात असता तेव्हा तुमच्या पायाखाली थर्मोकोलच्या खोक्यांत गप्पी आणि एंजल चाललेले असतात. कुर्ल्याच्या बाजारात जे मासे दिसतात त्यातला बराच माल कोलकात्याचा नाहीतर चेन्नईच्या कोळत्तूरचा, आणि तो असाच विमानाच्या पोटातून येतो. खालच्या होल्डमध्ये हवेचा दाब वर केबिनमध्ये असतो तोच असतो, म्हणजे उंच उडताना फार तर आठ हजार फुटांवर असल्यासारखा. कळसूबाईच्या माथ्यापेक्षा विरळ, पण माशाला त्याचं काही नाही कारण बॅगेत ऑक्सिजन भरलेला असतो. फरक पडतो तो बॅगेला, आतला वायू सव्वापट-दीडपटीच्या मध्ये कुठेतरी फुगायला बघतो. म्हणून पॅक करणाऱ्याला सांगा फुटबॉलसारखी टणक नको, अंगठ्याने दाबली तर थोडी आत गेली पाहिजे.

थोडक्यात विमानात मासा मरत नाही. मरतो तो निघायच्या आधी घातलेल्या खाण्याने, जमिनीवर ताटकळण्याने, आणि सगळ्यात जास्त पोचल्यावर आपण लाडाने जे करतो त्याने.

खाणं दोन दिवस आधी पूर्ण बंद. घरातली मंडळी म्हणतील बिचारे उपाशी, त्यांना सांगा उपाशी डिस्कस आठवडा काढतो, पण भरल्या पोटाने बॅगेत गेला तर सहा तासांत स्वतःच्याच घाणीत बसतो. पॅकिंग स्वतः करू नका, ऑक्सिजनचा सिलेंडर असलेला दुकानदार गाठा, कोलकात्यातच गॅलिफ स्ट्रीटच्या रविवारच्या बाजारात कुणालाही विचारलंत तरी पत्ता मिळेल. एका बॅगेत एकच डिस्कस, एक भाग पाणी दोन भाग ऑक्सिजन, बॅगेवर बॅग, दोन बॅगांच्या मध्ये वर्तमानपत्र, आणि खालचे कोपरे टेपने किंवा रबराने मुडपून गोल करायचे, नाहीतर मासा कोपऱ्यात अडकतो. ऑक्सिजनच्या गोळ्या विकतात त्यांच्या नादी लागू नका.

कोरींचं वेगळं प्रकरण आहे. एक तर त्यांच्या परांचे काटे बॅगेला भोकं पाडतात. दुसरं, घाबरले की ते अंगातून विष सोडतात आणि बंद बॅगेत त्यानेच स्वतः मरतात. म्हणून आधी पकडून छोट्या बादलीत वीस मिनिटं ठेवा, थोडं घाबरू दे त्यांना, जे सोडायचं ते तिथे सोडतील, मग ते पाणी फेकून ताज्या पाण्यात बॅग करा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या पहिल्या बारा कोरींची बॅग उघडली तेव्हा वर पांढरा फेस होता, वास मासळीबाजारासारखा, आणि बारापैकी एक मिशी हलवत होता.

बुकिंग कार्गो एजंटमार्फत करा, थेट काउंटरला एकट्या माणसाला फार फिरवतात. जिवंत जनावर म्हणून लाइव्ह ॲनिमलचे नियम लागतात, कागद काय लागतील ते एअरलाइनप्रमाणे बदलतं, ते एजंटकडूनच आधी घ्या. पैसे खरं वजन आणि जागेवरून काढलेलं वजन यातलं जे जास्त त्यावर लागतात, आणि जागेचं वजन म्हणजे लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ६०००. समजा खोकं ६० बाय ४५ बाय ४० चं आहे, तर १८ किलो. आत तीन डिस्कस आणि पाणी मिळून नऊ-दहा किलोच असेल, म्हणजे उरलेलं आठ किलो आपण ऑक्सिजनचं भाडं भरतो. तुम्हाला अशी दोन खोकी लागतील.

फ्लाइट थेटच घ्या. दिल्ली-हैदराबाद करत येणाऱ्या माशाला विमानाचा नाही, मधल्या उन्हाचा त्रास होतो. माझं एक खोकं मे महिन्यात दुपारी असंच मध्ये कुठेतरी ऑफलोड झालं, पॅसेंजरच्या बॅगा जास्त झाल्या की कार्गो खाली राहतो, हा नेहमीचा प्रकार आहे. चौदा तासांनी मिळालं, थर्मोकोल बाहेरून गरम लागत होतं. दोन डिस्कस गेले. तेव्हापासून मी रात्रीची किंवा पहाटेची फ्लाइट आणि मंगळवार-बुधवार सोडून मागवत नाही. पूजेच्या आधीचे दिवस आणि जानेवारीतलं धुकं पण टाळा.

आता मुख्य गोष्ट, पोचल्यावर. बंद बॅगेत मासा श्वास सोडतो, कार्बन डायऑक्साइड साठतो, पाण्याचा पीएच खाली जातो, म्हणजे पाणी आंबट होत जातं. त्याच पाण्यात अमोनियाही साठत असतो, पण पीएच कमी असल्यामुळे तो कमी विषारी रूपात दबून असतो. तुम्ही बॅग उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो, आणि एक अंक चढला की विषारी अमोनिया जवळपास दहापट. आणि आपण काय करतो? बॅग उघडून, वर एअर स्टोन (बुडबुडे सोडणारा दगड) लावून, नळी सोडून तासभर थेंब थेंब टाकीतलं पाणी घालत बसतो, पुस्तकात लिहिलंय म्हणून. मी केलंय. वीस मासे जिवंत पोचले होते, थेंब घालता घालता डोळ्यांदेखत आठ गेले आणि मी दुकानदाराला शिव्या देत होतो.

तर बॅग बंद असतानाच वीस मिनिटं टाकीत तरंगवा, तापमान जुळलं की कापा, मासा लगेच हाताने किंवा जाळीने उचलून टाकीत, बॅगेचं पाणी बेसिनमध्ये. लाइट बंद, खाणं दुसऱ्या दिवशी. पण यासाठी पुण्यातलं पाणी आधी जुळवायला लागेल. खडकवासल्याचं पाणी मऊ असतं, तुमचं तिकडचं बोअरचं असेल तर फार कडक असणार, एकदम बदल नको. निघायच्या आधी दोन आठवडे तिकडच्या टाकीत थोडं थोडं आरओचं पाणी मिसळून कडकपणा खाली आणत जा.

पुण्यातली टाकी चालू कुणी करायची हा प्रश्न येईलच. मेहुणा, मित्र, कुणालाही आठवडाभर आधी भरून अँटी क्लोरीन घालून हीटर २९ वर लावून ठेवायला सांगा. तुमच्या चालू फिल्टरचा स्पंज निथळून ओलसर झिप बॅगेत, थोडी हवा ठेवून, तुमच्या सामानात टाका. त्यातले अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया एवढा प्रवास आरामात काढतात, आणि स्पंजला कुणी तिकीट विचारत नाही. घरी पोचलात की मासे आणायला जायच्या आधी तो फिल्टरमध्ये लावा. आणि पुण्याच्या कार्गोला ओळखपत्र घेऊन तुम्ही स्वतः उभे राहा, रिक्षा न घेता एसी गाडी घ्या, खोकं मांडीवर.