आधी पाणी

प्रिय,

ब्लँटायरहून आलेलं तुझं पत्र वाचलं. जिल्ह्याच्या मुरुमाच्या रस्त्यांवर राहायचं की मोझांबिकच्या नाकाला बंदराकडे जाणाऱ्या नाकाला कॉरिडॉरच्या रेल्वेत जायचं, याचा तू घोळ घालून बसली आहेस. अगं, मलावीत रूळ काय न् रस्ता काय, वाहून जातात ते पाण्यानेच. आधी पाणी बघ.

चिरोमोला जाऊन ये. शिरे नदीने १९९७ साली तिथला पूल नेला आणि दक्षिणेची रेल्वे तुटली. मोझांबिकच्या बैरा बंदराकडची वाट तिथल्या यादवीने आधीच बंद केली होती. यादवी १९९२ ला संपली, पूर संपत नाहीत. समुद्र नसलेल्या देशात खत आणि डिझेल ट्रकवर आलं की भाडं शेवटी मका पिकवणाऱ्याच्याच बोकांडी बसतं. मोझांबिकमधल्या मोआतिझेचा कोळसा नाकालाला नेणाऱ्या नव्या लाइनचं तुला कौतुक आहे. असू दे. पण रुळांखालून पाणी काढून देणाऱ्या तिच्या मोऱ्या पायी हिंडून बघितल्यास का?

नोव्हेंबरात पाऊस लागतो. त्याआधी मोऱ्यांची तोंडं मोकळी हवीत, गटारांतला गाळ निघालेला हवा, ग्रेडरचं यंत्र फिरवून रस्त्याला कॅम्बर, म्हणजे मधून कडेला उतार, दिलेला हवा. नाहीतर पाणी चाकोरीतूनच धावतं आणि रस्त्याचा ओढा होतो. हे तू शिकलेली आहेस, मी कशाला सांगत बसू! मोरीचं माप काढताना पावसाचे आकडे घेच. पण नदीकाठच्या म्हाताऱ्यांनाही विचार. मार्च २०२३ मध्ये फ्रेडी वादळात पाणी कुठवर चढलं, ते भिंतीवर बोट ठेवून दाखवतील. आधी पाणी, मग माप, मग डांबर.

मी तिथे असताना उद्घाटनाची तारीख ठरली म्हणून डांबर आधी टाका, मोऱ्या मागून करू, असा साहेबाचा हुकूम आला. मी सही केली नाही. हेकट म्हणाले, करार संपवून घरी पाठवलं. माझं काय चुकलं? उद्घाटनाच्या फोटोत मोरी दिसत नाही, एवढाच तिचा गुन्हा. हाताखालची पोरं मात्र त्या साहेबाच्या तावडीत राहिली, ते अजून सलतं.

तेव्हा रेल्वेत जायचं तर खुशाल जा, पण हा पावसाळा जिल्ह्यात काढ. कबाझावाला, म्हणजे सायकल-टॅक्सीवाला, सवारीला उतरवून सायकल ढकलतो, त्या जागेपासून सुरुवात कर. मोऱ्यांची यादी महिनाअखेर मला पाठव. नुसते फोटो नकोत, मापं हवीत.

तुझा,
काका