पिस्तूल, रिव्हॉल्व्हर, रायफल: एका वेळी नेमक्या किती गोळ्या बसतात?

प्रश्न असा आहे: "सिनेमात नायक न थांबता गोळ्या झाडत असतो. खरोखरच्या पिस्तुलात, रिव्हॉल्व्हरमध्ये, रायफलीत एका वेळी किती गोळ्या असतात? आणि बँकेच्या दारातल्या गार्डची बंदूक भरलेली तरी असते का?"

सोलापुरात सोरेगावला राज्य राखीव पोलीस बलाचा गट आहे. तिथं माझी नोकरी झाली आणि त्यातला बराच काळ शस्त्रागारात गेला. हत्यार हातात आलं की आधी राउंड, म्हणजे गोळ्या, मोजायचे, ही खोड निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. तेव्हा हा प्रश्न माझाच म्हणायचा.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे पुढचे आकडे पाठ करायची गरज पडणार नाही. बंदूक लहान की मोठी यावर हा आकडा ठरत नाही. तिला गोळी कुठून मिळते, त्यावर ठरतो. काहींमध्ये काडतूस थेट नळीत ठेवतात, काहींमध्ये फिरत्या सिलिंडरच्या घरांत, काहींमध्ये मॅगझिनमध्ये, म्हणजे स्प्रिंग असलेल्या डबीत, आणि काहींना गोळ्यांचा पट्टा लावतात.

तुमच्या गार्डपासून सुरू करू. नव्या पेठेतल्या कुठल्याही बँकेत बघा, दारातल्या माणसाकडे बहुतेक वेळा बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप) दुनळी असते. नळ्या दोन, काडतुसं दोन, संपला हिशेब. मधून मोडायची, काडतुसं ठेवायची, मिटायची. एकनळी असेल तर एकच. काडतुसाच्या आत छर्रे नऊ असोत नाहीतर दोनशे, मोजताना ते काडतूस एकच धरायचं. त्याच बारा बोअरमध्ये पंप ॲक्शन बंदूक येते, तिच्या नळीखाली आणखी एक नळी असते आणि तिच्यात चार-पाच काडतुसं ओळीनं राहतात. गार्डची बंदूक भरलेली असते की काडतुसं नुसती कमरेच्या पट्ट्यात असतात, हे त्या त्या ठिकाणच्या नियमावर असतं. हात बसलेल्या माणसाला दुनळी भरायला काही क्षण पुरतात. मात्र हे त्यालाच जाऊन विचारू नका. तो उत्तर देणार नाही, तुमचा चेहरा तेवढा लक्षात ठेवील.

रिव्हॉल्व्हरमध्ये सहा. आपल्याकडे परवान्यावर दिसतं ते .३२ चं (हाही बोअरचाच आकडा, इंचात) रिव्हॉल्व्हर, सरकारी कारखान्यातलं, त्यात सहाच. २०१४ साली महिलांसाठी म्हणून गाजलेलं 'निर्भीक' आलं, तेही सहाचं. पोलिसांकडची जुनी .३८ वेब्लीसुद्धा सहाची. जगात पाचची छोटी रिव्हॉल्व्हर आहेत, रशियाचं नागां सातचं होतं, .२२ मध्ये आठ-दहाचीही मिळतात, पण 'सहा' म्हणालात तर दहांतल्या नऊ वेळा बरोबर ठराल. कारण साधं आहे. घरं वाढवायची तर सिलिंडर जाड करावा लागतो, आणि जाड सिलिंडर कमरेला टोचतो. सिनेमातला नायक सहा झाडून सातवीला चाप ओढतो आणि आवाजही येतो, तिथं मी हसतो म्हणून घरचे माझ्यासोबत सिनेमा बघायला तयार नसतात.

पिस्तुलात आकडे पसरतात. आपल्या सरकारी कारखान्याचं .३२ चं 'अशनी' आठ राउंडचं. अमेरिकेचं जुनं .४५ कोल्ट १९११ सातचं, कारण त्यात जाडजूड गोळ्या एकावर एक अशा एकाच रांगेत बसतात. मग १९३५ साली ब्राउनिंग हाय पॉवर आलं. त्याच्या मॅगझिनमध्ये गोळ्या दोन रांगांत, एकीआड एक, तिरक्या रचल्या होत्या, त्यामुळं मुठीत मावेल एवढ्याच जागेत तेरा बसल्या. आपल्या सैन्याचं आणि पोलिसांचं ९ एमएम पिस्तूल त्याच जातीचं, म्हणून तेही तेराचं. ग्लॉक १७ मध्ये सतरा, ग्लॉक १९ मध्ये पंधरा. ग्लॉकच्या नावातला आकडा बघून लोक गोळ्यांचा अंदाज बांधतात. पहिल्यात तो योगायोगानं जुळतो, दुसऱ्यात फसतो.

आता मुद्द्याचं. मॅगझिनमध्ये तेरा म्हणजे पिस्तुलात तेरा, असं नाही. एक राउंड चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या बुडाशी असू शकतो, आणि तो मॅगझिनच्या मोजणीत येत नाही. मॅगझिन लावा, स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, ओढा, वरचा राउंड चेंबरमध्ये जातो. मग मॅगझिन काढून त्यात आणखी एक भरा, परत लावा, झाले चौदा. माहितगार लोक म्हणूनच 'तेरा अधिक एक' असं बोलतात.

हा 'अधिक एक' लय वाईट. "मॅगझिन काढलं होतं ओ, तरी सुटली" हे वाक्य ज्यानं शस्त्रागारात दिवस काढलेत त्याला नवं नसतं. मॅगझिन काढलं की हत्यार हाताला हलकं लागतं आणि माणूस त्याला रिकामं समजतो. दुसरी चूक याहून फसवी. माणूस आधी स्लाइड ओढतो, चेंबरमधला राउंड टणकन बाहेर पडतो, मग तो मॅगझिन काढतो आणि निश्चिंत होतो. पण स्लाइड पुढं जाताना मॅगझिनमधला पुढचा राउंड घेऊनच गेलेली असते. क्रम एकच: तोंड सुरक्षित दिशेला, चापावर बोट नाही, आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागं, मग डोळ्यांनी चेंबर बघायचा, आणि अंधार असेल तर करंगळी घालून चाचपायचा. खंडेनवमीला घरोघरी परवान्याची हत्यारं पाटावर येतात, हळदीकुंकू वाहतात, पोरं भोवती बसलेली असतात. त्या दिवशी पूजेआधी हे एवढं करा. हळदीकुंकू नंतर.

रायफलीकडे येऊ. .३०३, म्हणजे आपली थ्री नॉट थ्री ली-एनफिल्ड, मॅगझिन दहाचं. ते सहसा काढायचं नसतं. वरून पाच-पाचच्या दोन क्लिपा लावून अंगठ्यानं दाबून भरायचं. हिची एक खोड आहे. .३०३ च्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते. भरताना वरच्या राउंडची कड खालच्याच्या कडेच्या पुढं यायला हवी. ती मागं राहिली की दोन कडा एकमेकींत अडकतात आणि बोल्ट, म्हणजे राउंड चेंबरमध्ये ढकलणारा दांडा, पुढं सरकायचं नाव घेत नाही. नव्या पोराची रायफल अडली की उस्तादाला न बघता कळायचं काय झालंय ते. ईशापूरची ७.६२ ची बोल्ट रायफल हिचीच बहीण, तिचं मॅगझिन बाराचं. परवान्यावर मिळणारी .३१५ ची स्पोर्टिंग रायफल पाचची. आणि खेड्यात पीकसंरक्षणासाठी वापरतात ती ठासणीची बंदूक एकाची, तीही दारू, बोळा आणि छर्रे ठासून होईपर्यंत रानडुक्कर ऊस ओलांडून पुढच्या शिवारात गेलेलं असतं.

मग एसएलआर, म्हणजे पुढचा राउंड स्वतःच भरून घेणारी रायफल, २० राउंड. इन्सास या देशी रायफलीतही २०, आणि तिच्या एलएमजी (हलकी मशीनगन) प्रकाराला ३०. इन्सासचं मॅगझिन अर्धपारदर्शक प्लास्टिकचं असतं, आत किती उरलेत ते बाहेरून दिसतं. या रायफलीबद्दल लोक काय काय बोलतात, पण रात्रीच्या बंदोबस्तात ही सोय मला फार आवडायची. एके-४७ मध्ये ३०. ते मॅगझिन वळलेलं का, असं पुष्कळजण विचारतात. तिचं काडतूस बुडाशी जाड आणि टोकाकडं निमुळतं असतं, अशी काडतुसं एकावर एक रचली की रांग केळ्याच्या फणीसारखी आपोआप वळते, आणि मॅगझिनलाही तसंच वळावं लागतं. ४० चं मॅगझिन आणि ७५ चा गोल ड्रमही तिच्या जातीच्या हत्यारांना लागतो.

पण नुसता आकडा बघून दहा आणि तीस यांत तिप्पट फरक आहे असं समजू नका. २६ नोव्हेंबर २००८ ला छत्रपती शिवाजी टर्मिनसवर काही पोलिसांच्या हातात .३०३ होत्या आणि समोर एके-४७. .३०३ ला प्रत्येक गोळीनंतर बोल्ट उचला, मागं ओढा, पुढं ढकला, दाबा. एके मिनिटाला सुमारे सहाशेच्या वेगानं फेकते. म्हणजे चाप दाबून धरला तर ३० राउंड तीन सेकंदांत खलास. त्या रात्री तुकाराम ओंबळे यांनी ती नळी हातांनी धरून ठेवली, तेव्हा ते काय धरत होते याचा अंदाज या हिशेबावरून यावा. दुसरी बाजूही याच हिशेबात आहे: ऑटोमॅटिकवर चाप दाबून ठेवणारा तीन सेकंदांनी रिकामा होतो. म्हणूनच इन्सासच्या पहिल्या रायफलींना एका दाबात तीनच राउंड सुटतील अशी मर्यादा घातलेली होती.

९ एमएम कार्बाइन, म्हणजे आखूड नळीची बंदूक, स्टर्लिंगच्या घराण्यातली, मॅगझिन ३४ चं. तिच्या आधीच्या स्टेनचं ३२ चं. पण जुने लोक स्टेनमध्ये तीसच भरायचे. पूर्ण भरलं की वरचा राउंड नीट पुढं जात नाही. कारखान्याचा आकडा एक आणि वापरणाऱ्याचा एक, हे बऱ्याच हत्यारांत असतं. नवख्याला वाटतं दोन गोळ्यांचा तोटा झाला. ऐनवेळी अडकलेली कार्बाइन ज्यानं हातात धरली आहे त्याला तसं वाटत नाही.

मशीनगनचं थोडक्यात. ब्रेन एलएमजीला वरून ३० चं मॅगझिन लागतं. जुन्या विकर्सला २५० चा कापडी पट्टा. हल्लीच्या एमएमजीला (मध्यम मशीनगन) धातूच्या कड्यांचा पट्टा, तो एकाला एक जोडत लांबवता येतो, त्यामुळं तिथं 'किती बसतात' या प्रश्नाला अर्थ उरत नाही. माणसाच्या खांद्याला किती झेपतं तेवढंच.

राखीव दलाच्या माणसानं गॅस गनचा उल्लेख केला नाही तर सहकारी नाराज होतील. अश्रुधुराचं एकच नळकांडं घालायचं, झाडलं की बंदूक मधून मोडून दुसरं घालायचं. आणि गड्डा यात्रेत फुगे फोडायची एअरगन? तिच्यातही एकच छर्रा. तुम्ही हसाल, पण पॅरिसमध्ये २०२४ साली कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं, त्या प्रकारातली रायफलही एका वेळी एकच गोळी घेते. राही सरनोबतच्या २५ मीटर पिस्तुलात पाच-पाचच्या मालिका असतात, म्हणून भरायच्याही पाचच. नेमबाजाला जास्त गोळ्यांचा काही उपयोग नाही.

पोलिसांत मात्र किती बसतात यापेक्षा किती दिल्या आणि किती परत आल्या याला जास्त किंमत. ड्युटीला जाताना हत्याराचा नंबर आणि राउंड वहीत लिहून सही. परतल्यावर तेच उलटं, आणि एक जरी कमी भरला तरी घरी जायचं नाही. फायरिंगच्या सरावात तर झाडलेल्या राउंडची रिकामी पुंगळीसुद्धा जमा करावी लागते. शंभर झाडले तर शंभर पुंगळ्या. एक गवतात गेली की सगळी तुकडी वाकून मैदान चाळते, हवालदार असो की साहेब. बाहेरच्याला हा अतिरेक वाटतो. पण बाहेर गेलेला एक राउंड कुठल्या गावठी कट्ट्यात जाऊन बसेल, सांगता येत नाही. 'एक कट्टा आणि दोन जिवंत काडतुसं जप्त' अशी बातमी आपण वाचतो, तिथं साधा कट्टा बहुधा एकाच गोळीचा असतो. दुसरं काडतूस खिशातलं.

सामान्य माणसाला ९ एमएम, .३०३, ७.६२, ५.५६ ही बोअर परवान्यावर मिळत नाहीत, ती प्रतिबंधित आहेत. वर जे १३, २०, ३० चे आकडे दिले ते म्हणून बहुतेक खाकीतलेच. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला जास्तीत जास्त दोन हत्यारं ठेवता येतात. सोलापूर शहरात परवाना पोलीस आयुक्तालयातून, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयातून. परवान्यावर एका वेळी जवळ किती काडतुसं ठेवायची आणि वर्षाला किती विकत घ्यायची, हे दोन्ही आकडे लिहिलेले असतात.

काडतुसाला स्वतंत्र परवाना लागतो का, हेही कुणीतरी खाली विचारणारच. बंदूक नसताना नुसतं एक जिवंत काडतूस विनापरवाना जवळ असलं तरी शस्त्र कायद्याखाली गुन्हा होतो. जुन्या वाड्यांत आजोबांच्या लोखंडी पेटीतून अशी काडतुसं अजून निघतात, हिरवी पडलेली, कधी कधी बारा बोअरची कागदी. ती सिद्धेश्वर तलावात टाकू नका, भंगारवाल्याला देऊ नका, फुटतं का म्हणून ठोकून तर मुळीच बघू नका. आजोबांचा परवाना सापडला तर तो घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात सांगा, नाही सापडला तरी सांगा, आणि ती नेऊन देण्याआधी फोन करून कशी आणायची ते विचारा.