ड्राय हॉपिंग, कोल्ड क्रॅश आणि आत शिरणारी हवा

डिचोलीच्या मित्राने विचारलंय की घरी केलेली पेल एल (फिकट रंगाची बियर) आंबून झाल्यावर दुसऱ्या बादलीत ओतली, हॉप्स (बियरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) टाकून ढवळली, आठवड्याभरात रंग तपकिरी, वास गायब, वर गढूळ ती गढूळच, तर हॉप्स जुने निघाले का. अरे भाऊ, हॉप्स बिचारे काय करतील, तू बियरला हवा पाजलीस. आंबून झालेल्या बियरला ऑक्सिजनचं वावडं, आणि हॉप्स जितके जास्त तितकी ती लवकर नासते.

ती दुसरी बादली विसर, सगळं एकाच भांड्यात. ड्राय हॉपिंग म्हणजे वासासाठी न उकळता हॉप्स टाकणं, ते करायचं हायड्रोमीटरवर (साखर किती उरली ते दाखवणारी काचेची नळी) शेवटचे ३-४ पॉइंट (०.००१ म्हणजे एक) उरलेले असताना, कारण तेव्हा यीस्ट जागं असतं आणि झाकण उघडल्यावर शिरलेला थोडाफार ऑक्सिजन तेच खाऊन टाकतं. लिटरला ४-५ ग्रॅम पेलेट (दाबून केलेल्या हॉप्सच्या गोळ्या), २-३ दिवस पुरेत, ढवळायचं अजिबात नाही. झाकण उघडायचंच नसेल तर हॉप्सच्या मलमलच्या पिशवीत कोटिंगवाला लोहचुंबक टाक, बाहेरून दुसरा चिकटवून पिशवी पहिल्या दिवसापासून बियरच्या वर अडकवून ठेव, वेळ आली की बाहेरचा काढला, पिशवी धप्पकन आत.

कोल्ड क्रॅशला, म्हणजे गाळ बसावा म्हणून बियर एकदम थंड करण्याला, मात्र भलेभले फसतात. २० डिग्रीवरून २ वर आणलं की वरच्या मोकळ्या जागेतला गॅस आकसतो, ती जागा ५ लिटर असेल तर साधारण ३०० मिली हवा एअरलॉकमधून (आंबताना गॅस बाहेर सोडणारी झाकणावरची पाण्याची नळी) आत ओढली जाते, शिवाय थंड बियर कार्बन डायऑक्साइड शोषते म्हणजे अजून थोडी. एवढ्यानेच २० लिटरच्या बॅचमध्ये लिटरमागे ४ मिलिग्रॅम ऑक्सिजन आला, जो मोठ्या ब्रुअरीवाल्यांची झोप उडवेल. उपाय स्वस्त आहे. आंबणं जोरात असताना एअरलॉकच्या जागी नळीने बड्डेला आणतात तो फॉइलचा फुगा जोडायचा, भरला की क्लिप मारून काढून ठेवायचा, क्रॅशच्या आधी परत लावायचा. बादली मग हवेऐवजी तोच गॅस ओढते, फक्त झाकण घट्ट हवं. आणि पावसात आपल्याकडे लाईट जाते-येते तेव्हा फुगा काढू नकोस, बियर थोडी तापून परत थंड झाली की ती पुन्हा ओढणार.

गढूळपणाला जिलेटिन. २० लिटरला अर्धा चमचा, कपभर उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवून ६५-७० डिग्रीपर्यंत गरम करायचं, उकळलं तर बाद. बियर ५ डिग्रीच्या खाली गेल्यावर सिरिंजने एअरलॉकच्या भोकातून सोड, दोन दिवसांत तळ दिसतो. थोडा हॉप्सचा वास जातो, ते धरून चाल. घरात शाकाहारी पिणारे असतील तर आधी सांग हां, ते हाडा-कातड्याचं असतं.

एक राहिलं, हॉप्समधल्या एन्झाइममुळे थांबलेलं फर्मेंटेशन परत सुरू होऊ शकतं. म्हणून क्रॅशच्या आधी लागोपाठ २-३ दिवस ग्रॅव्हिटी (हायड्रोमीटरचा आकडा) तीच येते का बघ, नाहीतर आपल्या ३० डिग्रीच्या खोलीत गॅस साठून बाटल्या फुटतील. तुझ्या बादलीला खाली नळ आहे का ते लिही, त्यावरून बाटलीत कशी भरायची ते सांगतो.